पावसानं मारलेलं पावसाळी झाड

बांधावरून

मार्चमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनवर लिहिलं तेव्हा फोन करून मला 'नकारघंटा' म्हणणारे बागायतदार मित्र या आठवड्यात आपण होऊन घरी आले. हातात काळ्या चिखलानं माखलेला ऱ्होडोडेंड्रॉनचा बुंधा. "नाना, एप्रिल-मे यानं कूलरसमोर काढला, एक पान गळलं नाही. पाऊस लागला, अंगणात लावलं आणि पंधरा दिवसांत गेलं. पावसाळी झाड म्हणे!"

नर्सरीच्या चिठ्ठीवर खरंच 'उष्ण, पावसाळी हवामानास उत्तम' असं छापलेलं आहे. पानं उलटी करून पाहिली, तर मागे बारीक तांबूस खवले. म्हणजे नर्सरीवाल्यानं जात खरी दिली होती. ही न्यू गिनी, बोर्निओ, जावाकडची ऱ्होडोडेंड्रॉनमधली व्हिरेया मंडळी. तिकडे पाऊस पडतो हे खरं, पण तो जवळजवळ वर्षभर विभागून, डोंगरावरच्या धुक्यासकट. आणि यातल्या कित्येक जाती जमिनीत उगवतच नाहीत. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी लोंबते, तशा शेवाळलेल्या खोडांवर बसून राहतात. मुळं केसासारखी बारीक, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि आषाढात गिलाव्यासारखी बसते. त्यात हे झाड गाडायचं म्हणजे त्याचं नाक दाबायचं.

मला राग झाड मेल्याचा नाही, ते कोणी मारलं याचा आहे. हा माणूस साधासुधा नाही. वणी-दिंडोरी पट्ट्यात त्याच्या द्राक्षाचा माल बघायला लोक येतात. थॉमसन द्राक्ष स्वतःच्या मुळावर लावायचे दिवस गेले, हे त्यानं घरातच पाहिलंय. नव्वदच्या दशकात पाणी खारट होत गेलं, दुष्काळ पडले, तसे सगळे डॉगरिजच्या खुंटाकडे वळले. टेक्सासच्या रानटी द्राक्षवेलीचा खुंट, त्यावर आपली थॉमसन. आधी खुंट लावायचा, तो जमिनीत जीव धरतो की नाही ते बघायचं, मग श्रावण-भाद्रपदात कलम भरायचं. म्हणजे वर काय पिकवायचं ते बाजार ठरवतो, खाली काय लावायचं ते जमीन. हे त्याला झोपेतही पाठ आहे. चुनखडीच्या पट्ट्यात शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की तो लगेच हिराकस नाहीतर चिलेटेड फेरस काढतो. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळाला ते उचलता येत नाही, हे तो मलाच समजावून सांगतो. पाण्याचा सामू (पीएच) वाढला की ड्रिपमधून ॲसिड सोडतो. माती-पाण्याचे रिपोर्ट फायलीत लावलेले.

तोच माणूस बंगल्याचं फाटक ओलांडून अंगणात आला की शेतकरी उरत नाही, गिऱ्हाईक होतो. ऱ्होडोडेंड्रॉनला सामू साडेचार ते सहा लागतो. याच्या अंगणात तो आठच्या वर, आणि वर बोअरचं पाणी, ज्यानं किटलीत पांढरा थर बसतो. पंधरा दिवसांत मुळं कुजून गेलं म्हणून सुटलं, नाहीतर चुन्यानं वर्षभर पिवळं पाडून मारलं असतं. खुंटाचा विचार जर्मनांनी केलाय. त्यांनी 'इंकारो' नावाचा चुना सोसणारा खुंट काढला आणि त्यावर ऱ्होडोडेंड्रॉनची कलमं विकतात. पण ती थंडीतल्या जातींची, आपल्या मे महिन्याची नव्हेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या व्हीच नर्सरीनं जावातली ही व्हिरेया झाडं काचघरात कोळसा जाळून वाढवली, त्यांचे संकर काढले. त्यांनी कोळसा जाळला, आमच्या मित्रानं वीज. त्या साहेबांनी निदान झाड बाहेर चिखलात नेऊन पुरलं नाही.

बंगल्याच्या पुढ्यात पेव्हर ब्लॉक बसले की परदेशी झाडाची हौस सुरू होते, हे माझं जुनं म्हणणं. कडुनिंब 'पाला पडतो' म्हणून तोडायचा आणि त्याच जागी चिठ्ठीवालं झाड आणायचं. पुरावा विचाराल तर दोन बंगले, त्यातला एक याच मित्राचा.

"मग वणीच्या गडावर लावू का? तिथं गार असतं." हाही प्रश्न आलाच. नीलगिरीच्या माथ्यावर लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन रानात उभा असतो, आपल्या सह्याद्रीत नसतो. गारवा गडावर आहे, सुरगाण्याकडे पाऊसही धो धो आहे, पण दिवाळीनंतर सात-आठ महिने कोरडे. तेवढे महिने त्याला कोण धुकं आणून देणार?

हौसच असेल तर माती विसरा. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे, झाडाची साल असं भरलेली टोपली सावलीत टांगा. पाणी पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं द्या, त्यात चुना नसतो. धो धो पाऊस असेल तेव्हा टोपली वळचणीच्या आत घ्या. आंबटपणासाठी ताक ओतू नका. तसं सांगणारा मेसेज मलाही आला आहे.

मित्रानं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि बुंध्याकडे बघत म्हणाला, "नाना, भाद्रपदात एक कलम भरून बघू का, डॉगरिजवर?"

— बांधावरचा