‘फुकट’ ह्या विशेषणाविषयी

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली. अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये मिळू लागले. तेव्हापासून सुशिक्षित मराठी माणसाच्या संभाषणात ‘फुकट’ हे विशेषण ज्या सढळपणे येऊ लागले आहे, त्याची दखल निदान भाषेच्या अभ्यासकांनी तरी घ्यावयास हवी. योजनेच्या राजकारणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. निवडणुकीच्या चार महिने आधी सुरू झालेल्या योजनेमागचा हेतू शोधण्यास फार मोठी बुद्धी लागत नाही, आणि तो हेतू आम्हांस पवित्र वाटतो असेही कुणी समजू नये. आमचा आक्षेप आहे तो त्या विशेषणापाठोपाठ हमखास येणाऱ्या दोन मागण्यांना. एक : पैसे द्यायचेच तर काम करून घ्या. दुसरी : हा पैसा शेवटी गुत्त्यावरच जाणार, तेव्हा आधी घरातले व्यसन तपासा. प्राध्यापकांच्या खोलीत, चर्चासत्राच्या मध्यंतरात, स्वतःस पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या तोंडूनही आम्ही हे ऐकले आहे. बोलणाऱ्यांना ह्या मागण्या नव्या आणि व्यवहारी वाटतात. त्या जुन्या आहेत, आणि त्यांचा व्यवहारही करून पाहून झालेला आहे.

दुसरीपासून सुरुवात करू, कारण तिचा निकाल लवकर लागतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०११ साली असा कायदा केला की, गरीब कुटुंबांना मिळणारे रोख साहाय्य ज्याला हवे असेल त्याने आधी मादक द्रव्यांची चाचणी द्यावी. चाचणीचा खर्च अर्जदाराने करावयाचा. निर्दोष ठरला तर तो परत मिळणार. जुलैपासून न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये स्थगिती देईपर्यंत ४,०८६ जणांनी चाचणी दिली आणि १०८ जण दोषी निघाले. म्हणजे शेकडा २.६. पुढे संशयास काही आधार नसताना केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे, असे वरच्या न्यायालयानेही २०१४ साली सांगितले. ज्या समजुतीवर हा कायदा उभा होता ती समजूत मात्र ह्या आकड्याने जागची हलली नाही. समजुतीचे मूळ आकड्यांत नसले की आकड्यांनी ती उपटताही येत नाही.

पहिल्या मागणीची कथा अधिक लांब आहे. त्याच देशातल्या आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये गरिबांच्या आरोग्यविम्याला महिना ८० तास कामाची अट घातली. केलेल्या तासांची नोंद संकेतस्थळावर करावयाची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे! काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला. पुढच्या वर्षी न्यायालयाने अट रद्द केली. नंतर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना ही अट लागू होती त्यांतले बहुसंख्य आधीच काम करीत होते किंवा आजारपणासारख्या कारणाने सवलतीस पात्र होते. रोजगार काही वाढला नाही. लोक गळाले ते कामचुकार होते म्हणून नव्हे, नोंद करता आली नाही म्हणून. इतके होऊनही जुलै २०२५ मध्ये हीच ८० तासांची अट साऱ्या देशासाठी कायद्यात आली. ह्या सगळ्या प्रकारात एक गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते : काम दाखवा असे सरकार म्हणते, परंतु काम देण्याची हमी सरकार घेत नाही.

परदेशाचे आम्हांस काय लागू, असे कुणी म्हणेल. तर मग घरचेच घेऊ. १८७६-७८ चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा सर रिचर्ड टेंपल ह्यांना पाहणीसाठी पाठविण्यात आले. हेच टेंपल १८७४ साली बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक वाचविण्याच्या कामी होते, आणि त्या खर्चाबद्दल त्यांना उधळे म्हणून हिणविले गेले होते. ह्या खेपेस त्यांनी तो डाग धुऊन काढला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड, असा दर त्यांनी सुचविला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तोही दिवसभर खडी फोडणाऱ्यास. शिवाय ‘अंतराची कसोटी’ : धडधाकट माणसास घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यावयाचे नाही. ज्याला खरोखरच भूक आहे तो चालत येईल, असा ह्यामागचा तर्क. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी ह्या शिध्यावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही म्हणून जोरदार विरोध केला. मुंबई इलाख्यात तर मजुरांनी हा दर नाकारून कामेच सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लेखी मांडली. भुकेल्या माणसाने काम नाकारावे आणि पुण्यातल्या वकिलाने त्याच्या बाजूने लिहावे, हे दृश्य आजच्या पुण्यातल्या संभाषणांशी ताडून पाहण्यासारखे आहे.

टेंपल ह्यांचा तर्क त्यांचा स्वतःचा नव्हता. इंग्लंडच्या १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यात तो आधीच होता : साहाय्य घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत हलक्या मजुरापेक्षाही वाईट ठेवावी, म्हणजे तो साहाय्य मागावयास येणारच नाही. आम्ही सगळे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ शिकलो आहोत, शिकवतोही. तो मुलगा वाडगा पुढे करून आणखी मागतो, त्या प्रसंगाने वर्गात डोळे ओले होतात. मात्र ज्या कायद्यावर डिकन्सने ती कादंबरी उगारली त्याचेच तत्त्व तासिका संपल्यावर चहाच्या कपासोबत मांडताना आमच्यापैकी कुणाला अवघडल्यासारखे होत नाही.

ह्यावर हमखास येणारे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. महाराष्ट्राने तर जगाला रोजगार हमी दिली. ती कामाची अट नव्हे तर काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यास सविस्तर उत्तर द्यावयास हवे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामे निघाली; मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसे त्यांवर होती. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर अजून आहेत. वि. स. पागे ह्यांनी आग्रहाने मांडलेल्या कल्पनेचा पुढे कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्यात बंधन कुणावर होते, ते पाहावे. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास काम देण्याचे बंधन शासनावर होते. पंधरा दिवसांत ते दिले नाही तर बेकारी भत्ता देय होता. देशभराच्या २००५ च्या कायद्याने तर काम पाच किलोमीटरच्या आत असावे, त्याहून दूर असेल तर मजुरी दहा टक्क्यांनी वाढवावी असे सांगितले. टेंपल ह्यांचे दहा मैल आणि हे पाच किलोमीटर ह्यांत जे अंतर आहे, तेच अट आणि हक्क ह्यांत आहे. तिथे काम ही गरिबाची परीक्षा होती, इथे ती सरकारची. दोन्हींना ‘काम’ हाच शब्द आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

कामाच्या कसोटीच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे, तो आम्ही लपविणार नाही. ज्याला गरज नाही तो उन्हात माती वाहावयास येत नाही. त्यामुळे लाभार्थी निवडण्यासाठी तलाठ्याचा दाखला लागत नाही आणि दाखल्याभोवतीचा व्यवहारही टळतो. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन ह्यांनी दुष्काळनिवारणाच्या संदर्भात हे नीट मांडले आहे, आणि आम्हांस ते बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु हा युक्तिवाद काम खरोखर हजर असेल, मजुरी जगण्यापुरती असेल आणि ज्याला काम करताच येत नाही त्याच्यासाठी वेगळी सोय असेल, तेवढ्यापुरताच चालतो. ‘लाडक्या बहिणी’कडून काम करून घ्या म्हणणारे ह्यांपैकी एकाही गोष्टीविषयी बोलत नाहीत. शिवाय ती बाई पहाटेपासून पाणी, सरपण, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचे करणे आणि वर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी एवढे करीत असते. ह्यांतले कशाकशाला काम म्हणावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार खुर्चीवर बसलेल्यांनी परस्पर घेतलेला आहे.

हक्काची पुन्हा कसोटी कशी होते, तेही आपल्या डोळ्यांदेखत घडत आले. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुराचे दिवसातून दोनदा छायाचित्र सक्तीचे झाले. २००५ च्या कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले. मात्र पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली, शेतमालकांना मजूर मिळावेत म्हणून. सरकारी कामाची मजुरी मजुराला गावातल्या मजुरीबाबत घासाघीस करण्याचे बळ देत होती, ते बळ नेमके हंगामात काढून घेण्याची ही सोय आहे.

अण्णा भाऊ साठे ह्यांची ‘स्मशानातलं सोनं’ अभ्यासक्रमांत असते. भीमा आळशी म्हणून प्रेतांची राख उकरीत नाही. खाण बंद पडली म्हणून उकरतो. कथेच्या शेवटी खाण पुन्हा सुरू होते, तोवर त्याची बोटे गेलेली असतात. परीक्षेत ह्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो आणि उत्तरपत्रिकांत करुणरसाची चर्चा येते. भीमाला त्या बेकारीच्या दिवसांत कुणी महिन्याचे काही दिले असते तर त्याला ‘फुकट’ म्हटले असते काय, हा प्रश्न कुणी काढीत नाही.

आम्हीही सरकारी पैशावर आहोत, हे येथे सांगून टाकणे बरे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. आमच्यांतल्या कित्येकांनी आपापल्या काळात ती घेतली, आणि प्रबंध लांबला म्हणून कुणी आमची लघवी तपासावयास मागितली नाही. आमच्या पगाराचा दर वेतन आयोग ठरवतो. त्या पैशाला आम्ही मानधन, वेतन, अनुदान म्हणतो. भाषा आमच्या हाती आहे, म्हणून आमच्या वाट्याची विशेषणे आम्ही आधीच निवडून ठेवली आहेत.

आणि तपासणी होत नाही असे तरी कुठे आहे? सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणीला स्वतःच्या ओळखीसोबत नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचीही पडताळणी करावयास सांगितले गेले; नवरा मेलेला, बाप मेलेला, तिने काय करावे ह्याचा विचार नंतर झाला. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही. आपण जिवंत आहोत असा कागद घेऊन माणसे तहसील कचेरीत उभी असतात. ऊन चढू लागले की भिंतीच्या सावलीला सरकतात.