कळसाची घाई, पायाचा विसर

२४ एप्रिल २०२४ची रात्र. मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीतील पहिला सामना सुरू होता. एका बाजूला एफसी गोवा, दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोव्याने दोन विरुद्ध शून्य अशी आघाडी घेतली होती. घड्याळाचा काटा नव्वदाव्या मिनिटावर आला आणि गोव्याचे प्रेक्षक विजयाच्या आनंदात उभे राहिले. पुढील सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. त्यांपैकी दोन लालियानझुआला छांगटेचे, एक विक्रमप्रताप सिंगचा. सामना मुंबईने तीन-दोन असा जिंकला. पाच दिवसांनी मुंबईतील सामनाही दोन गोलांनी जिंकून तिने अंतिम फेरी गाठली.

खेळाचे असे क्षण विसरले जात नाहीत. परंतु प्रेक्षकांचा कल्लोळ शमल्यावर मनात जे प्रश्न उभे राहतात, ते केवळ खेळापुरते राहत नाहीत. बावीस सामन्यांच्या परिश्रमाचे मोल सहा मिनिटांत ठरावे काय? विजेता कोणाला म्हणावे? आणि ज्या स्पर्धेचा कळस इतका झगमगीत, तिचा पाया कितपत भक्कम होता?

क्रिकेटच्या आयपीएलमुळे 'प्लेऑफ' हा शब्द आता घराघरांत रुळला आहे. तरीही फुटबॉलमधील व्यवस्था थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सुपर लीगमध्ये आधी साखळी सामने होत. प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळे. एकदा स्वतःच्या मैदानावर, एकदा परक्या. या साखळीत जो संघ अग्रस्थानी राहील, त्याला 'शील्ड' म्हणजे ढाल मिळे. त्यानंतर बाद फेरी. २०२२-२३पासून पहिले सहा संघ तिच्यासाठी पात्र ठरू लागले. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. उरलेल्या चौघांना आधी एकेका सामन्याचे दिव्य. शेवटी जो अंतिम सामना जिंकेल, त्याचा करंडक.

म्हणजे एकाच हंगामात दोन विजेते. २०२४मध्ये हे लख्ख दिसले. १५ एप्रिल रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला ढालीसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने तो सामना दोन-एक असा जिंकला आणि अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस अशा एका गुणाने ढाल पटकावली. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मुंबई आधी पिछाडीवर पडली, नंतर तीन गोल करून करंडक घेऊन परतली. पराभवाच्याच भूमीवर तीन आठवड्यांच्या आत पुन्हा उभे राहण्याची ही जिद्द अनुकरणीय आहे. बाद फेरी नसती, तर ही संधी मिळालीच नसती. बाद फेरीच्या बाजूने जे बोलता येईल, ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ती पाचव्या-सहाव्या क्रमांकावरील संघांची आशा शेवटपर्यंत जिवंत ठेवते, आणि दडपणाखाली माणूस कसा वागतो याची परीक्षाही घेते.

मात्र याच नाण्याची दुसरी बाजू गोव्याला विचारावी. २०१९-२०मध्ये गोव्याने साखळीत पहिले स्थान मिळवून पहिली ढाल जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तरीही त्याच हंगामात उपांत्य फेरीत चेन्नईयिनने त्याला बाहेर काढले. त्यापूर्वी २०१५चा अंतिम सामना घरच्याच मैदानावर, अखेरच्या मिनिटांत हातून निसटला होता. २०१९चा अंतिम सामना मुंबईत झाला. जादा वेळ संपत आली असताना राहुल भेके या मुंबईकराच्या गोलाने बंगळुरूने तो जिंकला. ६ एप्रिल २०२५ रोजी पुन्हा फातोर्डा, पुन्हा उपांत्य फेरी. दोन गोलांची पिछाडी भरून काढलेल्या गोव्याला सुनील छेत्रीच्या भरपाई वेळेतील गोलाने बाहेरचा रस्ता दाखवला. सातत्य हाच ज्याचा गुण, त्याच्या पदरी वारंवार उपेक्षा पडावी, अशीच ही रचना होती.

इंग्लंड, स्पेन, जर्मनी या फुटबॉलच्या माहेरघरांत जो साखळीत पहिला, तोच विजेता. तेथे त्यावर वेगळा करंडक नसतो. विजेता बाद फेरीतून ठरवण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या व्यावसायिक क्रीडाविश्वात रुजली आणि दूरचित्रवाणीच्या बाजारपेठेला ती मानवली. आपल्याकडे २०१४मध्ये सुपर लीग सुरू झाली तीच मुळी दोन-अडीच महिन्यांचा झगमगता सोहळा म्हणून. त्या सोहळ्याला अंतिम रात्र हवी होती. पुढे ती देशातील सर्वोच्च लीग झाली, हंगाम लांबला, तरी अंतिम रात्रीचा मोह सुटला नाही. ढाल नंतर जोडली गेली. पण 'विजेता' हे बिरुद करंडकालाच चिकटून राहिले.

आपल्या परंपरेत तप आणि परीक्षा या दोहोंना स्थान आहे. पण परीक्षा तपाचा कस लावण्यासाठी असते, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे. सात महिने प्रवास, दुखापती, पाऊस आणि ऊन सोसून जो पुढे राहिला त्याला उपविजेत्यासारखे वागवायचे आणि तीन-चार सामन्यांत ज्याची लय लागली त्याला अजिंक्य म्हणायचे, यातून तरुणांच्या मनावर कोणता संस्कार होतो? नित्याच्या साधनेपेक्षा एका दिवसाची चमक श्रेष्ठ, असाच ना? रोज पहाटे मैदानावर येणाऱ्याचे महत्त्व ज्याला कळते, त्याला यातील उणीव समजावून सांगावी लागत नाही.

बाद फेरीचा ताण शिस्तीलाही कसा तडा देतो, हे ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या श्री कांतीरवा मैदानावर दिसले. जादा वेळेत सुनील छेत्रीने फ्री किक तत्परतेने मारली. केरळ ब्लास्टर्सचा बचाव अद्याप सज्ज नव्हता. चेंडू जाळ्यात गेला आणि पंचांनी गोल दिला. केरळच्या प्रशिक्षकांनी निषेध म्हणून आपला संपूर्ण संघ मैदानाबाहेर नेला. तो परतलाच नाही. पुढे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला, तर प्रशिक्षकांना दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड. पंचांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण प्रश्न निर्णयाचा नाहीच. संघस्थानावर मुख्य शिक्षकाची शिट्टी वाजली की डाव थांबतो. बाद झालेला बालही हुज्जत न घालता बाजूला बसतो, कारण पुढच्या डावात त्याला पुन्हा उठायचे असते. निर्णय पटला नाही तर तक्रारीचे मार्ग असतात. मैदान सोडणे हा त्यांपैकी एक नव्हे. ज्या सामन्यात पुढचा डावच नाही, तेथे माणसाचा तोल अधिक लवकर जातो, एवढे मात्र या प्रसंगातून शिकावे.

याच बाद फेऱ्यांनी आपल्याला आणखी एक दृश्य दाखवले, आणि ते हृदयात जपून ठेवावे असे आहे. मुंबईचा विजय साजरा करणाऱ्या गर्दीच्या ओठांवर कोणाची नावे होती? मिझोरममधील लुंगलेईच्या छांगटेचे, मणिपूरच्या बिपिन सिंगचे. २०२१च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल करणारा बिपिनच, आणि २०२४च्या अंतिम सामन्यात मुंबईला आघाडी मिळवून देणाराही तोच. त्या दुसऱ्या विजयाच्या वेळी त्याचे मणिपूर वर्षभर हिंसाचारात होरपळत होते. आपल्या महानगरांत ईशान्येच्या तरुणांना आजही 'तू कोणत्या देशाचा?' असा लाजिरवाणा प्रश्न विचारला जातो. पूर्वांचलातील मुलांना आपल्या घरात आणि वसतिगृहांत वाढवणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या प्रश्नाची बोच ठाऊक आहे. अंधेरीच्या मैदानावर मराठी पोरे छांगटेच्या नावाचा गजर करतात, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर भाषणाविनाच दिले जाते. एकात्मतेची अशी कामे खेळ सहज करून जातो. म्हणूनच खेळाची व्यवस्था कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न दुय्यम नाही.

त्या व्यवस्थेचे काय झाले? २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क सुमारे सातशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे सोपवले. तो करार डिसेंबर २०२५मध्ये संपणार, हे पंधरा वर्षे सर्वांना माहीत होते. तरी नूतनीकरण झाले नाही. जुलै २०२५मध्ये स्पर्धा स्थगित ठेवण्यात आली. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी वेतन. नोव्हेंबरमध्ये नव्या निविदेला एकही बोली आली नाही. त्याच महिन्यात भारतीय संघ ढाक्यात बांगलादेशाकडून हरला. शेवटी खेळाडूंनाच जाहीर आर्जव करावे लागले. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि १४ फेब्रुवारी २०२६ रोजी चौदा संघांचा, एक्क्याण्णव सामन्यांचा आखूड हंगाम सुरू झाला. चौदा संघ एकमेकांशी एकदाच खेळले तर बरोबर एक्क्याण्णव सामने होतात. म्हणजे बाद फेरीला त्यात जागाच नव्हती. जे तत्त्व म्हणून स्वीकारले नाही, ते अडचण म्हणून पत्करावे लागले!

दोष केवळ भांडवलाला देऊन भागणार नाही. खासगी पैशाने मैदाने सुधारली, खेळाडूंना प्रतिष्ठेचे वेतन मिळाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मुळे दुसऱ्याच्या अंगणात ठेवून आपल्या दारी वृक्ष वाढत नाही. या झगमगाटाच्या काळात गोव्यातील धेंपोसारखा, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब वरच्या वर्तुळाबाहेर राहिला. साळगावकरही बाहेर पडला. मुंबईचा शतकाहून जुना रोव्हर्स चषक त्याआधीच बंद पडला होता. कोणी त्याचे सुतक पाळले नाही.

आपल्याला फुटबॉलचा वारसा नाही, असे मानण्याचे कारण नाही. १९११मध्ये मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. वंगभंगाने पेटलेल्या त्या काळात तो विजय केवळ खेळाचा राहिला नाही. दुर्बल देहात धर्म टिकत नाही, आधी मैदानावर जा, या आशयाचे स्वामी विवेकानंदांचे फुटबॉलविषयीचे बोल आपल्यापैकी अनेकांनी बौद्धिक वर्गात ऐकलेले असतात. १९५१ आणि १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे सुवर्णपदक आपले होते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, आणि त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईत खेळणारा मूळचा गोमंतकीय होता. यांपैकी कोणत्याही यशामागे झगमगते दिवे नव्हते. क्लब होते, मोहल्ले होते, मैदाने होती.

तो पाया आजही कोठे आहे हे पाहायचे असेल, तर कोल्हापूरला जावे. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशा नावांचे फुटबॉल संघ आहेत. कुस्तीच्या लाल मातीतून पेठांनी हा खेळ उचलला आणि आपलासा केला. राजर्षी शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीवाचून जमते. पेठांतील ईर्ष्या कधी हातघाईवर येते, हा दोष खराच, आणि तो तेथील जाणत्यांनीच दूर केला पाहिजे. पण याच गावातून अनिकेत जाधव निघाला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठ, प्रबोधिनी, देश, असा हा क्रम आहे. यात कोणतीही पायरी वगळलेली नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच. राष्ट्रीय विजेतेपद साखळीतील अग्रस्थानालाच मिळावे. बाद फेरी हवी असेल, तर ती स्वतंत्र चषक म्हणून खुशाल व्हावी, आणि तिच्यात खालच्या लीगमधील जुन्या क्लबांनाही स्थान असावे. महासंघाचा पुढचा करार जो कोणी करील, त्याला शालेय आणि जिल्हा पातळीवरील स्पर्धांचे बंधन घालावे. आणि आपण? आपल्या वस्तीतील शाळेचे मैदान वाहनतळ किंवा मंगल कार्यालय होऊ लागते, तेव्हा किती पालक मुख्याध्यापकांना भेटायला जातात? अंतिम सामन्याच्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसणारे आपण लाखो असू. मुलाच्या जिल्हा सामन्याला, रविवारी सकाळी सात वाजता, कडेला उभे राहणारे किती?

फातोर्ड्याच्या त्या रात्री सहा मिनिटांत तीन गोल झाले, हे खरे. पण त्यांपैकी दोन करणाऱ्या पायांनी त्यापूर्वी लुंगलेईच्या डोंगरउतारांवर वर्षानुवर्षे चेंडू खेळवला होता. ती वर्षे कोणत्याही वाहिनीवर दिसली नाहीत. देशाने आता तिकडे लक्ष द्यावे.