सामान सांभाळायला नव्हे, सहलीला!



नाताळची सुट्टी जवळ आली की मुलांची भुणभुण सुरू होते, "आई, पार्कात जायचं ना?" मुंबईकरांच्या एका पिढीनं ही हौस गोराईच्या एस्सेल वर्ल्डमध्ये भागवली. १९८९ साली सुरू झालेलं ते उद्यान २०२२ मध्ये बंद झालं. आता मुंबई-पुण्याकडची मंडळी खोपोली-पाली रस्त्यावरच्या, २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकाकडे वळतात. मुलं निघाली म्हणजे आपण निघालो. मग घरातल्या आजी-आजोबांचं काय? "चला की तुम्हीही, तेवढंच सामानाकडे बघायला कोणीतरी होईल," असं सहज म्हटलं जातं.

आणि अगदी तसंच घडतं हो! चार पिशव्या, सहा चपला, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्या मधोमध बाकावर दोन म्हातारी माणसं. दुपारी घड्याळाकडे बघणारी. संध्याकाळी "मजा आली का?" म्हटलं की "हो तर!" म्हणणारी.

एक गंमत सांगते. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसवायला नेत असत. मुली चक्कर घेत आणि वडील बाकावर बसून राहत. मुलांना आणि मोठ्यांना मिळून मजा करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असं ते सांगत. पुढे १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. म्हणजे ही कल्पनाच मुळी बाकावर बसून राहिलेल्या माणसाची! मग आपल्या वडीलमाणसांना आपण पुन्हा त्याच बाकावर का बसवावं?

'नको गं' म्हणजे काय?

विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "नको गं, तुम्ही जा." त्यामागची कारणं बहुधा तीन असतात. एक, तिकिटाचे पैसे. दुसरं, गुडघे. आणि तिसरं, जे सासूबाई चारचौघांत कधीच बोलायच्या नाहीत, ते म्हणजे वारंवार लघवीला जावं लागेल याचा संकोच. या संकोचापायी कितीतरी बायका निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. वय वाढलं की तहान आधीच कमी लागते. त्यात ऊन आणि चालणं. मग भोवळ येते आणि "वयच झालं" म्हणून सोडून दिलं जातं.

म्हणून आत शिरताच नकाशा घ्या आणि स्वच्छतागृहं कुठे आहेत ते पाहा. "चला, मलाही जायचंय," असं आपणच तास-दीड तासानं म्हणावं. त्यांना विचारायची वेळ येऊ देऊ नये. तासाला अर्धा-पाऊण पेला पाणी, घोट घोट करून. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेच पाळायचं. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते. सहलीच्या दिवशी ती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा. आपल्या मनानं ती चुकवू नका.

पैशांचं म्हणाल तर अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट वेगळं असतं. वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड जवळ असू द्या. निघण्यापूर्वी फोन करून तिकीट, चाकाची खुर्ची आणि औषधं आत नेण्याबद्दल विचारून घ्या.

माहेरचे आई-वडील

आई-वडील म्हणजे फक्त सासूसासरेच का हो? आपल्याही आई-बाबांना न्या की एकदा. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, अशा समजुतीत वाढलेली ती पिढी. जावयानं तिकीट काढलेलं बाबांना अवघड वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नये. "बाबा, तिकिटं आमची, पण नातवंडांचं आईस्क्रीम तुमचं हं!" एवढं म्हटलं की त्यांचा हात खिशात जातो आणि मान ताठ राहते. दोन्हीकडच्या आज्या बरोबर आल्या तर आणखी छान. त्यांना आपल्यापेक्षा एकमेकींचीच सोबत जास्त मानवते.

दिवसाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. त्यातही रविवार आणि नाताळची ऐन गर्दी टाळून मधला वार निवडावा. एप्रिल-मेमध्ये घाटाखालचा उकाडा म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. पुण्याहून जाणाऱ्यांना बोरघाट उतरावा लागतो. गाडी लागत असेल तर आजींना पुढच्या सीटवर बसवा आणि लोणावळ्याला पाय मोकळे करा.

इमॅजिकाचा विचार असेल तर आणखी एक सोय आहे. त्याच बाजूला महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर, असे अष्टविनायकांपैकी दोन आहेत. दर्शनाचं नाव काढलं की 'नको गं'चं 'बघू' होतं! पण देव आणि पार्क एकाच दिवसात कोंबू नका. पहिल्या दिवशी दर्शन आणि मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन पार्क.

आत गेल्यावर एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: बाकावर आजी-आजोबांना एकटं सोडायचं नाही. सामान भाड्याच्या लॉकरमध्ये ठेवा. मोठ्या राईडवर मुलांबरोबर एकदा यजमानांनी जावं, एकदा आपण. जो मागे राहील त्यानं गप्पा माराव्यात, चहा आणावा. शाळेच्या सहलीत आम्ही शिक्षिका भेटण्याची जागा आधी ठरवतो, तशी इथेही ठरवा. प्रत्येकाच्या खिशात नाव, फोन नंबर आणि चालू औषधांची चिठ्ठी असावी.

चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की "मी काय पांगळी आहे?" असा प्रश्न येतो. तेव्हा "पिशव्या ठेवायला घेतलीय, वाटलं तर बसा," म्हणावं. दुपारपर्यंत पिशव्या आपल्या हातात आणि आजी खुर्चीत! फक्त पदर नीट खोचलेला हवा. तो चाकात अडकला तर मोठा अपघात होतो. राईडवरही तेच.

त्यांची मजा कोणती?

प्रत्येक राईडपाशी सूचनांचा फलक असतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठ-मानेचं दुखणं असलेल्यांनी कशावर बसू नये ते त्यावर असतं. तो वाचायचा आणि पाळायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. नुसत्या हलणाऱ्या खुर्च्यांचे सिनेमेही पाठीला हिसके देतात, बरं का.

पण संथ राईड, थंड सभागृहातले खेळ, मिरवणूक यांना हरकत नाही. दुपारी बारा ते तीन अशा सभागृहांसाठीच राखा. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या या आज्या आहेत. त्यांना घोड्यावर बसावंसं वाटलं तर हसू नका, पहिला फोटो त्यांचा काढा. आणि आजोबांना नुसतं लोकांकडे बघत बसायचं असेल तर तीही त्यांची मजाच. आपण विचारलं आणि त्यांनी ठरवलं, एवढं पुरे.

पिशवीत काय हवं?

सुती कपडे आणि रोजच्या वापरातली, मागे पट्टा असलेली पादत्राणं. नवी चप्पल नको. छत्री, ओला करता येईल असा पंचा, दुपारच्या गोळ्या. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत अशी उद्यानं पुष्कळ आहेत, म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघा आणि जेवण वेळेवर घ्या. मधुमेह असलेल्यांनी जेवण लांबवू नये. त्यांच्यासाठी साखर किंवा ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ते गार पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे आले की लगेच सावलीत बसवा, मान-कपाळ ओल्या पंचानं पुसा, थोडं थोडं पाणी द्या. बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा शुद्ध हरपू लागली तर वाट न बघता प्रथमोपचार केंद्र गाठा. अशा वेळी तोंडात पाणी मात्र घालू नये.

आणि शेवटचं, चारच्या सुमारास, सगळे अजून हसत असतानाच परत फिरा. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. रात्री मऊ खिचडी, पायांना कोमट तेल, दुसरा दिवस आरामाचा.

मग, यंदा पिशव्या लॉकरमध्ये ना?