भूजची धावपट्टी आणि आपला फॉरवर्ड

डिसेंबर लागला की ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. 'भूज वाचवणारा मराठी वाघ!' खाली विजय कर्णिक यांचा फोटो. कधी कधी तर त्यांचाही नाही, सिनेमातल्या अजय देवगणचा. काल परत आला, म्हणून लिहितोय.

कर्णिकांचा अभिमान मलाही आहे. १९७१ च्या युद्धात भूजचा हवाई तळ त्यांच्याकडे होता. पाकिस्तानी विमानांनी धावपट्टीची चाळण केली. सीमा जवळ, ती परत कधी येतील नेम नाही आणि दुरुस्तीला माणसं नाहीत. तेव्हा शेजारच्या माधापर गावातून सुमारे ३०० बायका आल्या, घरी लहान पोरं टाकून. भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, विमानं गेली की परत पाट्या उचलायच्या. वरून दिसू नये म्हणून हिरव्या साड्या, धावपट्टीवर शेणाचा लेप. पहिला दिवस तर उपाशीच. ७२ तासांत पट्टी तयार! नंतर सरकारने दिलेले ५० हजार रुपयेसुद्धा त्यांनी गावाच्या सभागृहाला देऊन टाकले.

२००१ च्या भूकंपात मदतीची विमानं उतरली ती याच तळावर. आज प्रवासी विमानं उतरतात तीही इथेच.

बायकांना कामाला लावायचा निर्णय कर्णिकांचा, जोखीम त्यांची, मान्य. पण ते स्वतः मुलाखतींतून या बायकांचं श्रेय सांगत आलेत. त्यांना कापतो कोण? आपण, फॉरवर्डवाले.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. २०२१ ला सिनेमा आला तेव्हा मी चौकट लिहिली होती. मथळा, 'मराठी अधिकाऱ्याचा पराक्रम'. बायका शेवटच्या ओळीत. पानावर जागा कमी पडली तेव्हा पहिली तीच ओळ उडवली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उडवली.

आणि हे फक्त भूजचं नाही हो. पुढच्याच वर्षी, ७२ च्या दुष्काळात, आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. त्यातल्या कितींची नावं कुठल्या पाटीवर आहेत? पाटीवर असतो तो नारळ फोडणारा.

फॉरवर्ड पाठवायचाच असेल तर फोटोखाली 'माधापर' एवढं तरी लिहा. आणि ज्यांच्या घरातली बाई ७२ च्या कामावर होती, त्यांनी खाली तिचं नाव आणि कुठला रस्ता, कुठला तलाव ते टाका. मी यादी करतोय. पहिलं नाव माझ्या आजीचं, अनसूयाबाई, खडीच्या कामावर.