गाणी एक नंबर, पण ऐकतंय कोण?



आज हिशोब नाही, जीएसटी नाही. आज सिनेमा. २०१९ चा ‘यस्टरडे’, दिग्दर्शक डॅनी बॉयल. बीटल्सची गाणी आवडत असतील तर बघाच. कधी ऐकली नसतील तरी बघा, कारण यातला हीरो आपल्यातलाच आहे.

इंग्लंडमधल्या सफकचा जॅक मलिक होलसेलच्या गोडाऊनमध्ये अर्धवेळ काम करतो आणि उरलेल्या वेळात गातो. कोणी ऐकत नाही. एका रात्री जगभरची वीज बारा सेकंद जाते, त्याच अंधारात जॅकला बस धडकते. शुद्धीवर येऊन बघतो तर बीटल्स नावाचा बँड जगात कधी झालाच नाही! गाणी आता फक्त याच्या डोक्यात. (कोका-कोलाही गायब. कोल्ड्रिंकवाल्यांनी जरा विचार करून बघा.) लॉजिक शोधत बसू नका, मजा घ्या. हिमेश पटेल स्वतः गायलाय, आणि आपल्याला पाठ असलेलं गाणं समोरचा माणूस पहिल्यांदा ऐकतोय हे बघताना अंगावर काटा येतो.

मला सगळ्यात आवडलेला सीन मात्र कॉन्सर्टचा नाही, घरातला आहे. जॅक आई-वडिलांना ‘लेट इट बी’ ऐकवायला बसतो. माल एक नंबर, समोर घरची माणसं. आणि होतं काय? दोन ओळी पुऱ्या होत नाहीत तोवर कोणीतरी मध्ये बोलतं, दाराची बेल वाजते, शेजारी येऊन बसतो. हसून हसून पोट दुखतं. पण तुमच्याकडेही हेच झालेलं असतं ना? भाजणीचं पहिलं पाकीट घरी फोडलं, सासूबाईंनी अर्धी चकली खाऊन पुन्हा मालिकेत डोकं घातलं, आणि तुम्ही ठरवून टाकलं की धंदा आपलं काम नाही. असे मेसेज मला सतत येतात. अहो, त्यांनी चकली नापास केली नव्हती, त्यांचं लक्षच नव्हतं!

पुढे सिनेमा जरा सोपा होतो. एड शीरन स्वतःच्याच भूमिकेत येतो, जॅकला सोबत घेतो, आणि गाणी जग जिंकतात. माल चांगला की गिऱ्हाईक धावत येणार, असा हिशोब. हे मला पटत नाही. खऱ्या बीटल्सनी १९६० पासून हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवलं. १९६२ मध्ये डेका कंपनीने ऑडिशन घेऊन नकार दिला. त्यांना मॅनेजर मिळाला तो कोण? लिव्हरपूलमध्ये घरच्या धंद्यातलं रेकॉर्डचं दुकान सांभाळणारा ब्रायन एप्स्टाइन. एक दुकानदार! त्याने १९६१ च्या नोव्हेंबरात कॅव्हर्न क्लबच्या तळघरात त्यांना ऐकलं, लेदर जॅकेटं उतरवून सूट घालायला लावले, आणि जॉर्ज मार्टिन भेटेपर्यंत कंपन्यांचे उंबरे झिजवले.

सिनेमात हे काम एली करते. शाळेत शिकवते, वर जॅकला स्वतःच्या गाडीतून कार्यक्रमांना नेते. पण लेखकाने तिला प्रेमकथेत अडकवलंय. मॅनेजर म्हणून तिला आणखी वाव हवा होता, असं माझं ठाम मत.

तरी दोन तास मस्त जातात. घरच्यांना घेऊन बसा. आणि ‘लेट इट बी’च्या सीनला नेमकं कोणी “चहा टाकू का?” म्हणालं, तर मला नक्की कळवा.