घसारा आणि जीर्णोद्धार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे ५० मैलांवर ब्रायटन हे हवापालटासाठी प्रसिद्ध असलेले जुने शहर आहे. तेथील दोन वास्तूंचा इतिहास व्यापारी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. एक वास्तू शहराने विकत घेतली, ती आजही नांदती आहे. दुसरीचा लोखंडी सांगाडा तेवढा समुद्रात उभा आहे.

ब्रायटन मूळचे कोळ्यांचे गाव. ‘लेन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद बोळांत त्या जुन्या वस्तीचा आकार अजून दिसतो. आता तेथे जवाहिऱ्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचे पाणी औषधी असल्याचा पुरस्कार केला आणि श्रीमंतांचा ओघ सुरू झाला. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढील काळातील राजे चौथे जॉर्ज, तेथे प्रथम आले. त्यांच्यासाठी वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ पासून ‘रॉयल पॅव्हिलियन’ला आजचे रूप दिले. बाहेरून घुमट आणि मिनार हिंदुस्थानी धाटणीचे, आतील सजावट चिनी वळणाची!

१८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि गर्दी वाढली. राणी व्हिक्टोरिया यांना तेथे एकांत मिळेना. राजघराण्याने वाडा सोडला, आतील सामान हलवले आणि इमारत पाडून जागा विकण्याचा विचार सुरू झाला. तेव्हा १८५० मध्ये शहराने तो वाडा ५३,००० पौंडांना विकत घेतला. खर्चाच्या भीतीने विरोध करणारे करदातेही थोडेथोडके नव्हते. परंतु शहराने वास्तू रिकामी ठेवली नाही. दालने लोकांसाठी उघडली, राजाच्या घोड्यांच्या पागेचे १८६७ मध्ये संगीतसभागृह केले. राजघराण्यानेही पुढे बरेच सामान परत दिले.

पहिल्या महायुद्धात हाच वाडा जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाला. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी तेथे स्वतंत्र स्वयंपाकघरे होती. ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरील टेकड्यांवर झाले. त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला होता. त्याच वर्षी हिंदी जनतेच्या वतीने पॅव्हिलियनच्या दक्षिणेस गुजराती शैलीचे प्रवेशद्वार भेट देण्यात आले. १८५० मध्ये वाडा पाडला असता, तर या कृतज्ञतेला तेथे स्थानच उरले नसते.

आता दुसरी वास्तू पाहू. ‘वेस्ट पिअर’ हा फिरण्यासाठी समुद्रात दूरवर बांधलेला लोखंडी धक्का १८६६ मध्ये खुला झाला. युजीनियस बर्च या नामांकित अभियंत्याची ती रचना. काही पिढ्यांनी तेथे संगीत आणि नाटके यांचा आनंद घेतला. पुढे मिळकत घटली, खारी हवा मात्र लोखंड खातच राहिली. १९७५ मध्ये धक्का बंद झाला. १९८२ मध्ये त्याला संरक्षित वास्तूंतील सर्वोच्च दर्जा मिळाला. १९८३ मध्ये एका न्यासाने तो अवघ्या १०० पौंडांना घेतला. दुरुस्तीचा खर्च मात्र कोट्यवधी रुपयांच्या घरातला होता. ती होण्यापूर्वीच २००२ च्या अखेरीस त्याचा भाग कोसळला आणि २००३ मध्ये आगींनी उरलेसुरले नेले.

मालकी सार्वजनिक की खासगी, हा येथे निर्णायक प्रश्न नाही. जवळच १८९९ चा ‘पॅलेस पिअर’ खासगी मालकीत आजही चालू आहे. मिळकत चालू राहिली आणि डागडुजी होत गेली, म्हणून तो टिकला.

हिशेबनिसाला घसारा ठाऊक असतो. दरवर्षी जमाखर्चात तो नेमाने लिहिला जातो. पण घसारा लिहिला म्हणजे छप्पर दुरुस्त होत नाही. त्यासाठी रोख रक्कम वेगळी ठेवावी लागते. आपल्या समाजाने उभारलेल्या धर्मशाळा, उपाश्रय, पाठशाळा आणि वडिलोपार्जित पेढ्या यांचेही असेच आहे. पायाभरणीच्या दिवशी देणगीदारांची नावे पाटीवर कोरली जातात. पुढील चाळीस पावसाळ्यांच्या कौलांसाठी पाटी नसते. आपल्या परंपरेत नवनिर्मितीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानले आहे, ते विचारपूर्वकच.

वाचकांना एकच विनंती. आपल्या न्यासाच्या पुढील वार्षिक सभेत दुरुस्ती निधीत किती रक्कम शिल्लक आहे, एवढे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर त्याच सभेत तो निधी सुरू करावा आणि पहिली रक्कम आपण स्वतः द्यावी.