पतित कोण? मुरुडचा बहिष्कार, रमाबाईंचे कृपा सदन आणि क्षमेचा प्रश्न

१/१२
पापी मनुष्य पश्चात्तापाने पालटतो आणि ईश्वर त्याला क्षमा करतो, या ख्रिस्ती श्रद्धेविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. पहिले मत असे की, ही पापाला दिलेली सवलत आहे. कबुली द्यावी आणि मोकळे व्हावे. दुसरे मत असे की, क्षमा ही वस्तूच महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी आणली. त्यापूर्वी येथे केवळ बहिष्कार होता. दोन्ही मते इतिहासापुढे टिकत नाहीत. दापोली तालुक्यातील मुरुड या समुद्रकाठच्या गावात १८९३ साली जे घडले, ते या दोहोंना उत्तर देण्यास पुरेसे आहे.

२/१२
धोंडो केशव कर्वे मुरुडचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरुखच्या बालविधवा गोदूबाई यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. तरीही हे दांपत्य मुरुडला आले तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे स्वतःच्या घरी उतरले, तर त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी त्यात होती.

३/१२
गोदूबाई शिकत होत्या त्या शारदा सदनच्या संस्थापक पंडिता रमाबाई. कर्वे आणि रमाबाई यांचा जन्म एप्रिल १८५८ मधला, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने. रमाबाई स्वतः विधवा होत्या, संस्कृतच्या विदुषी होत्या आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. शारदा सदन त्यांनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

४/१२
रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे का वळल्या, याचे त्यांनी स्वतः सांगितलेले एक कारण येथे महत्त्वाचे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांनी 'पतित' म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालणारे भगिनींचे आश्रयगृह पाहिले. या स्त्रियांची सेवा कशासाठी, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली: समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीशी विहिरीवर बसून येशू धर्माच्या गूढतम गोष्टी बोलतो. धर्मशास्त्र जाणणाऱ्या या स्त्रीला त्या कथेने हलवले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी आश्रयस्थान उभारले आणि त्याचे नाव ठेवले कृपा सदन.

५/१२
आता पहिल्या मताकडे वळू. ख्रिस्ती क्षमा स्वस्त आहे, असे म्हणणाऱ्यांनी शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट वाचावी. येशू स्वतःहून या जकातदाराच्या घरी उतरतो आणि तो अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला शिक्षेतून सोडवले जाते, पण पुन्हा पाप करू नको, हेही तिला सांगितले जाते. क्षमा आधी येते हे खरे. आचरण पालटण्याची अपेक्षा मात्र तेथे सुटत नाही. कबुली देऊन पूर्ववत वागणारे ख्रिस्ती अनेक असतील. तो त्या माणसांचा दोष आहे, सिद्धांताचा नव्हे.

६/१२
दुसरे मतही तितकेच कच्चे आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे. पतित माणसाचा घट फोडून त्याला कुळातून तोडण्याचा विधी तेथे सांगितला आहे. पण प्रायश्चित्त पूर्ण झाल्यावर सपिंडांनी त्याच्यासह स्नान करून नवा घट पाण्यात सोडावा, असा परतीचा विधीही तेथेच आहे. पतित स्त्रीलाही अन्नवस्त्र द्यावे आणि घराजवळ राहू द्यावे, असे तो ग्रंथ सांगतो. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी होतो, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. दार होते. प्रश्न ते कोणासाठी उघडत असे, हा आहे.

७/१२
पुण्यातील पंचहौद मिशनचे चहा प्रकरण हे दार कसे चाले ते दाखवते. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या आवारात अनेक प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि त्यावरून मोठा ग्रामण्यवाद उठला. लोकमान्य टिळकांनी प्रायश्चित्ताचा मार्ग धरला. न्यायमूर्ती रानडे यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहाच्या पेल्यावर उपाय सापडला, कारण प्यालेला चहा विधीपुरता विसरता येतो.

८/१२
कर्व्यांची गोष्ट निराळी होती. प्रायश्चित्तात अपराध पुन्हा न करण्याचा संकल्प गृहीत असतो. विवाह हाच अपराध ठरवला, तर शुद्ध होण्यासाठी विवाहित पत्नीला सोडणे भाग होते. म्हणजे मुरुडच्या दृष्टीने कर्वे 'शुद्ध' तेव्हाच झाले असते, जेव्हा त्यांनी एका निरपराध स्त्रीला पुन्हा निराधार केले असते. खरे पाप केल्यावाचून कल्पित पाप धुतले जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती. तिला कठोर म्हणणे पुरेसे नाही. ती नीतीच्या दृष्टीने उलटी होती.

९/१२
परंतु ख्रिस्ती बाजूलाही हा प्रश्न विचारावा लागतो. १८९३ मध्येच रानडे, भांडारकर आदींनी शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. धार्मिक तटस्थतेचे आश्वासन पाळले जात नाही, हा त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १९०५ च्या पुनरुज्जीवनात मुक्ती मिशनमधील मुली रडून आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. त्यांच्यात दुष्काळातून वाचलेल्या आणि घरांनी टाकून दिलेल्या कितीतरी होत्या. सर्वच मानव पापी आहेत, हा सिद्धांत न्यायासनावर बसलेल्याला नम्र करतो. पण जिच्यावर अन्याय झाला तिलाच आधी स्वतःचे पाप शोधायला लावले, तर अन्याय करणारा नजरेआड होतो.

१०/१२
हा घोटाळा एका धर्माचा नाही. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि सावरकरांच्या प्रेरणेने सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. पाऊल मोठे होते. तरी त्या नावापाशी थांबून विचारावे: ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर ठेवले, ते पतित कसे? पडले होते ते बाहेर ठेवणारे.

११/१२
क्षमेच्या सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती दृष्टांतात उधळ्या पुत्र घरी परततो आणि पिता त्याला मेजवानी देतो. थोरला भाऊ मात्र रागाने उंबऱ्याबाहेर राहतो. त्याने कधी आज्ञा मोडलेली नसते. दृष्टांत त्याला आत घेतल्याशिवाय संपतो. मुरुडची सभा त्या थोरल्या भावाच्या जागी होती. तिचे आचार निर्दोष होते आणि त्या निर्दोषपणातच तिचे पाप दडले होते.

१२/१२
मुरुडसाठी 'मुरुड फंड' उभारणाऱ्या कर्व्यांनी विवाहाबद्दल गावाची क्षमा मागितली नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. आज मुरुड त्यांच्या नावाने ओळखले जाते. पापी पालटतो, या श्रद्धेचा पुरावा शोधायचा तर तो कर्व्यांत किंवा आनंदीबाईंत सापडणार नाही. त्यांनी पालटावे असे काही केलेच नव्हते. पालटले ते गाव. म्हणून इतिहास वाचणाऱ्याने क्षमेची कोणतीही कथा हाती आली की प्रथम एवढे तपासावे: यात अपराधी कोण होता, आणि मान खाली घालायला कोणाला सांगितले गेले?